धूर मोजायला जमिनीवरून काय लावावं? सनफोटोमीटर, लिडार की सीलोमीटर?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बऱ्याच खटपटीनंतर एका उपकरणासाठी थोडे पैसे मंजूर झालेत. थोडे म्हणजे खरंच थोडे, आणि मार्चअखेर खर्च झाले नाहीत तर परत जाणार.

विषय असा. हंगामात ऊस तुटला की रानात पाचट पेटवतात, त्यात गुऱ्हाळं, त्यात वीटभट्ट्या. थंडीत सकाळी सातला पुलावरून बघितलं तर शिवारावर धुराचा एक सपाट थर दिसतो, कुणीतरी पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखा. पोरांना घेऊन हा थर मोजायचाय. फिल्टर लावून हवा ओढायची ते नको, ते दुसरं डिपार्टमेंट करतंय. मला जमिनीवरून वर बघून मोजायचंय.

लोकांनी आतापर्यंत सुचवलेलं: सनफोटोमीटर, स्काय रेडिओमीटर, लिडार, सीलोमीटर. माझा कल सनफोटोमीटरकडे आहे कारण फिजिक्स सरळ आहे आणि पोरांना कळतं. ज्यांनी खरंच हाताळलंय त्यांनी सांगा, एकच घ्यायचं तर कोणतं?

आंबटचुका
नाक. फुकट आहे, कॅलिब्रेशन लागत नाही, सर्दी सोडली तर चोवीस तास चालू.

सौरकोन
सर, मी पुण्यात काही वर्षं सनफोटोमीटरच्या डेटावर काम केलंय त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

तत्त्व एवढंच की वातावरणाबाहेर सूर्याचा प्रकाश किती हे माहीत हवं आणि खाली किती पोचला ते मोजायचं. मधे जे हरवलं त्यातून हवेच्या रेणूंचं विकिरण, ओझोन वगैरेचा वाटा वजा केला की उरतं ते एरोसोलचं, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचं; त्याचा आकडा म्हणजे एओडी (एरोसोल ऑप्टिकल डेप्थ). एओडी ०.५ असेल तर सूर्य डोक्यावर असताना निव्वळ एरोसोलमुळे थेट किरण ६१ टक्क्यांवर येतात. एरोनेटमध्ये, म्हणजे जगभरच्या सनफोटोमीटर स्टेशनांच्या जाळ्यात, जे फ्रेंच सिमेल उपकरण वापरतात त्याची एओडीतली अनिश्चितता ०.०१ ते ०.०२ आहे. ह्या धंद्यात एवढा विश्वासाचा आकडा दुसरं कुठलंच जमिनीवरचं रिमोट सेन्सिंग देत नाही, ही ओळ मी लिडारवाल्यांना चिडवायलाच लिहितोय. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेत असं स्टेशन २००४ पासून आहे, कानपूरला २००१ पासून, डेटा सगळ्यांना खुला, आधी तो उतरवून खेळून बघा.

दुसरी गंमत म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींना एओडी कसा बदलतो त्यावरून अँगस्ट्रॉम घातांक निघतो. मोठे कण म्हणजे वाळवंटी धूळ असेल तर तो शून्याकडे झुकतो, धूर असेल तर दीडच्या आसपास किंवा वर जातो. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईवर पश्चिमेकडून धूळ आली होती, आठवतंय का, गाड्यांवर पांढरा थर बसला होता? धूळ की धूर हा प्रश्न अशा दिवशी हा एक घातांक बऱ्यापैकी सोडवतो.

पण तुमच्या प्रश्नात एक गोची आहे. पाचट पेटवतात कधी? बहुतेक संध्याकाळी. थर दिसतो कधी? पहाटे. सनफोटोमीटर तेव्हा झोपलेलं असतं.

आंबटचुका
म्हणजे सरकारी ऑफिससारखंच. येतं उशिरा, जातं लवकर, पावसाळ्यात गैरहजर.

सौरकोन
पावसाळ्याचं खरंय हो. जून ते सप्टेंबर पुण्याच्या डेटात नुसतं भगदाड असतं. ढग आला की सूर्य नाही, सूर्य नाही की आकडा नाही.

निशाचर_लायपझिग
चिडलो, आलो :)

सौरकोन यांचा आकडा विश्वासाचा आहे हे मान्यच, पण तो एकच आकडा आहे. जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या खांबाची बेरीज. धूर दोनशे मीटरवर आहे की चार किलोमीटरवर, त्याला पत्ता नाही. पंचगंगाकाठ सरांनी पहिल्या पोस्टमध्ये काय लिहिलंय ते परत वाचा: "सपाट थर". थर म्हटलं की उंची आली आणि उंची म्हटलं की लिडार आलं.

लिडार म्हणजे लेसरचा एक झटका वर सोडायचा आणि परत येणारा उजेड घड्याळ लावून मोजायचा. एक मायक्रोसेकंद उशीर म्हणजे १५० मीटर अंतर. ध्रुवीकरण बघायची सोय असेल तर गोल कण आणि वेडेवाकडे धूलिकण वेगळे ओळखता येतात, धूळ ५३२ नॅनोमीटरला ०.३ च्या आसपास डिपोलरायझेशन (परत आलेल्या उजेडाचं ध्रुवीकरण किती बिघडलं ते) दाखवते, ताजा धूर त्या मानाने फारच कमी. आणि रात्री उलट जास्त चांगलं चालतं, सूर्याचा गोंगाट नसतो.

आता आमच्या घरातली भांडणंही सांगतो. साध्या लिडारला परत आलेला सिग्नल एक आणि अज्ञात गोष्टी दोन, किती प्रकाश मागे फेकला आणि वाटेत किती गिळला. मग ह्या दोघांचं गुणोत्तर गृहीत धरावं लागतं, त्याला लिडार रेशो म्हणतात. समुद्री मिठाला साधारण २०, धुळीला ४० ते ५०, धुराला ६० ते ७०. चुकीचा धरला की उत्तर सरळ चुकतं, आणि चित्र मात्र तेवढंच देखणं येतं! रामन लिडार ह्यातून सुटतं कारण ते नायट्रोजनकडून बदललेल्या रंगात परत येणारा प्रकाश वेगळा मोजतं (३५५ नॅनोमीटरचा सोडला तर ३८७ ला, ५३२ चा सोडला तर ६०७ ला), पण तो सिग्नल हजारेक पटीनं क्षीण, म्हणून मुख्यतः रात्रीच, आणि किमतीचं विचारू नका.

पंचगंगाकाठ
नाही विचारत. आमचे प्राचार्य विचारतील.

धावपट्टी२७
एअरपोर्टच्या हवामान खात्यात आयुष्य गेलं, आता रिटायर. मला एक कळत नाही, सीलोमीटरचं नाव सगळे शेवटी का घेतात. ते पण लेसरच आहे, छोटं, डोळ्यांना निर्धोक, ढगांचा तळ मोजायला बनवलेलं. उन्हापावसात वर्षानुवर्षं उभं असतं, काच पुसली की झालं. ढगाखाली जी "घाण" दिसायची तिला आम्ही नॉइज म्हणायचो आणि तुम्ही लोक तिच्यावर पीएचडी करता.

२०१० ला आइसलंडचा एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी फुटला (स्पेलिंगला हसू नका), युरोपातली विमानं जमिनीवर आली, तेव्हा राखेचा थर कुठे कुठे पोचलाय हे बघायला मोठ्या लिडारांच्या जोडीला हीच गरीब सीलोमीटरं कामी आली, कारण ती आधीच जागोजाग लावलेली होती. मोठं उपकरण एका गावात असतं, धूर दुसऱ्या गावात.

निशाचर_लायपझिग
काका, सीलोमीटरला नावं नाही ठेवत. पण दोन अडचणी. एक, बरीचशी ९१० नॅनोमीटरच्या आसपास चालतात आणि तिथे पाण्याची वाफ शोषून घेते, त्याची दुरुस्ती केल्याशिवाय आकडे काढू नयेत. १०६४ वाली त्यातून सुटतात. दोन, धुराचे कण बारीक, लांब तरंगलांबीला ते फार कमी दिसतात. अँगस्ट्रॉम घातांक दीड धरला तर १०६४ ला एओडी ५३२ च्या जवळजवळ एक तृतीयांश उरतो.

धावपट्टी२७
कमी दिसतो, पण दिसतो ना. सरांचा थर जमिनीलगत आहे, दाट आहे. आणि आता तुमच्या लिडारचं खालचं आंधळेपण सांगा की, ते बरं विसरलात.

निशाचर_लायपझिग
हाहा, पकडलं काकांनी. बरोबर, ओव्हरलॅप. लेसर एका नळीतून जातो आणि दुर्बीण शेजारून बघते, दोघांची नजर जुळायला काही अंतर जावं लागतं. तेवढे खालचे काहीशे मीटर अर्धवट दिसतात, दुरुस्ती करता येते पण तिच्यावर किती भरवसा ठेवायचा हा परत वादच. म्हणजे नेमका पाचटाचा धूर जिथे आहे तिथे. हे सीलोमीटरमध्येही असतं, फक्त ज्यात एकाच भिंगातून सोडतात आणि घेतात ती बरीच खालून बघू शकतात. म्हणून सर, सीलोमीटर घेतलं तर पहिला प्रश्न रेंज किती हा विचारू नका, "किती खालून दिसतं" हा विचारा. विकणारे वरचा आकडा मोठ्या अक्षरात लिहितात.

मीठभाकर
मला शास्त्रातलं कळत नाही पण मोबाईलवर पीएम २.५ चा आकडा येतो की रोज. तो बघायचा, संपलं. एवढी यंत्रं कशाला?

सौरकोन
चांगला प्रश्न आहे, हसण्यावारी नेऊ नका कुणी. तो आकडा जमिनीवर, यंत्र ठेवलंय तिथला. एओडी म्हणजे वरपर्यंतची बेरीज. एक शेर दूध उंच अरुंद पातेल्यात ओतलं की वरपर्यंत येतं, परातीत ओतलं की तळाला पसरतं, दूध तेवढंच. थंडीत पहाटे हवेचं झाकण दोन-तीनशे मीटरवर असतं, दुपारी ते किलोमीटर दीड किलोमीटर किंवा अजून वर जातं. एओडी तोच राहिला तरी नाकाशी असलेला धूर कितीतरी पट बदलतो. त्यात दमटपणा, कण पाणी पिऊन फुगतात, एओडी वाढतो, पण पीएमचं यंत्र आत घेतलेली हवा सुकवून मोजत असेल तर तिथे ते फुगणं दिसतच नाही. म्हणून सॅटेलाइटच्या एओडीवरून "तुमच्या गावचं प्रदूषण" सांगणाऱ्या नकाशांकडे मी जरा तिरक्या नजरेनंच बघतो. हे झाकण कुठे आहे ते मात्र लिडार किंवा सीलोमीटर दाखवतं, ते मी त्यांना देऊन टाकतो.

आंबटचुका
म्हणजे नाकच बरोबर होतं.

शिरोळचा_पैलवान
सगळे शहाणे पाचटाच्या धुरावर बोलालेत, शेतकऱ्याला कुणी विचारलं का? आमी काय हौसेनं पेटवतोय व्हय? तोड लवकर मिळत न्हाई, टोळी आली की म्हणत्यात पाला लई, आधी पेटवा मग तोडतो. पेटवला की कारखाना जळीत म्हणून वजनात कपात करतोय. तोडल्यावर पाचट राहिलं तर पुढच्या नांगरटीला आडवं येतंय. कुट्टी करायचं यंत्र भाड्यानं मिळतंय पण ज्याच्या त्याच्या नंबरानं. धूर मोजा की, पण मोजून झाल्यावर फोटो आमचाच छापू नका.

पंचगंगाकाठ
पैलवान, माझ्या घरीपण दोन एकर ऊस आहे आणि मागच्या वर्षी आम्हीपण पेटवलाय, तेव्हा माझ्याकडून तो आरोप नाही. गुऱ्हाळं, भट्ट्या, वाहनं, पाचट, कशाचा वाटा किती तेच कुणाला माहीत नाही म्हणून मोजायचंय.

काकवी
गुऱ्हाळाचा विषय निघालाच आहे तर, आजोळी चुलाणापाशी बसून गरम काकवी खायचो ती आठवण आली. धुरानं डोळे चुरचुरायचे आणि तरी कुणी उठायचं नाही. सॉरी, विषयांतर, चालू द्या.

निशाचर_लायपझिग
विषयांतर कसलं, इथे रात्रीचे अकरा वाजलेत आणि मला आता काकवी पाहिजे.

खडूफळा
मी हातात धरायच्या सनफोटोमीटरचा अनुभव सांगते, कारण कॉलेजच्या बजेटमध्ये तेच बसतं आणि त्याबद्दल कुणी बोलेना. आमच्याकडे मायक्रोटॉप्स होता. पाच चॅनेल म्हणजे पाच तरंगलांबी, सूर्याकडे धरायचा, बटण दाबायचं, काही सेकंदांत आकडा. जहाजांवरून मोजणी करतात त्यात हाच वापरतात, म्हणजे खेळणं नाही.

पण माणूस हा त्याचा सगळ्यात वाईट भाग. हात हलला की सूर्य मध्यातून सरकतो, सिग्नल कमी, एओडी जास्त. म्हणून पाच-सहा वेळा घ्यायचं आणि सगळ्यात कमी आलेला धरायचा. पातळ सिरस ढग डोळ्याला दिसत नाहीत आणि एओडी गुपचूप वाढवतात, घातांक पाडतात, आणि पोरं म्हणतात मॅडम आज धूळ आली. आमचा सगळ्यात मोठा घोटाळा घड्याळाचा. एका विद्यार्थ्यानं त्यात ग्रीनिचऐवजी आपली वेळ भरली, साडेपाच तास पुढे. सकाळी नऊला उपकरणाला वाटायचं दुपारचे अडीच वाजलेत, सूर्य खरा होता त्यापेक्षा वर धरायचं, हवेतला मार्ग कमी मोजायचं आणि एओडी फुगवून द्यायचं. तीन आठवडे आम्ही "सकाळच्या प्रदूषणाची वाढ" ह्यावर चर्चा केली. दुपारी तीनला ते म्हणायला लागलं की सूर्य मावळलाय, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

सौरकोन
मॅडम, हा किस्सा मी लेक्चरमध्ये वापरणार, परवानगी गृहीत धरतोय.

स्वयंचलित उपकरणांना हात नसतात पण कोळी असतात. सिमेलच्या नळीत कोळ्यानं जाळं विणलं की एओडी हळूहळू चढतो, सगळ्या चॅनेलला जवळजवळ सारखा, आणि माणूस त्यातून हवामानाचे अर्थ काढत बसतो. एरोनेटमध्ये लेव्हल १.० कच्चा, १.५ ढग गाळलेला, २.० अंतिम कॅलिब्रेशननंतरचा, ते उगाच नाही.

दख्खनराणी
कॅलिब्रेशनचं जरा विस्तारानं लिहा कुणीतरी, तिथेच सगळं अडतं. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी उपकरण कॅलिब्रेशनला बाहेर पाठवलं आणि परत येताना कस्टम्सच्या कागदात अडकलं. अख्खा हिवाळा गेला. हिवाळ्यासाठीच घेतलं होतं.

सौरकोन
अगदी दुखरी नस. सूर्याचा वातावरणाबाहेरचा सिग्नल काढायला लँगली पद्धत लागते, सूर्य चढताना वेगवेगळ्या कोनांना मोजून रेघ शून्य हवेपर्यंत मागे न्यायची. त्यासाठी तास-दोन तास हवा बदलायला नको, म्हणून उंच, स्वच्छ जागा: हवाईतला मौना लोआ, टेनेरिफचं इझान्या. मूळ उपकरणं तिथे, आणि बाकीची त्यांच्या शेजारी ठेवून जुळवायची. २०२२ च्या नोव्हेंबरात मौना लोआच फुटला, लाव्ह्यानं वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, म्हणजे एरोसोल मोजणाऱ्यांची मोजपट्टीच ज्वालामुखीवर ठेवलेली होती.

जपानी प्रीड कंपनीचं स्काय रेडिओमीटर, स्कायनेट ह्या दुसऱ्या जाळ्यात वापरतात ते, इथे वेगळं पडतं. सूर्याभोवतीच्या आकाशाचा उजेड धरून सुधारित लँगली करतं, म्हणजे कॅलिब्रेशन बरंचसं जागेवरच. अचूकतेत कोण सरस ह्यावर दोन्ही घराण्यांत वाद आहेत, पण कस्टम्सचा त्रास कमी ही माझ्या मते मोठी शास्त्रीय गुणवत्ता आहे.

आंबटचुका
पन्हाळ्यावर करा की लँगली! उंच आहे, आणि झुणका-भाकरी मिळते.

सौरकोन
हजार मीटरसुद्धा नाही हो, आणि खाली सगळा ऊस. जाऊ मात्र शकतो.

संधिकाल
कोल्हापूरचाच धागा आहे आणि संधिप्रकाशाचं कुणी नावच काढलं नाही? सूर्य मावळला की पृथ्वीची सावली वर सरकत जाते, आणि डोक्यावरच्या आकाशाचा उजेड प्रत्येक क्षणाला अधिकाधिक वरच्या थरातून येतो. तो किती झपाट्यानं कमी होतो ते मोजलं की कुठल्या उंचीवर कण जास्त आहेत ते निघतं. भिंग, लाल फिल्टर, फोटोमल्टिप्लायर, झालं. लेसर नाही काही नाही. कोल्हापुरात ह्या पद्धतीनं काम झालेलं आहे. १९९१ ला पिनाटुबो ज्वालामुखी फुटल्यावर जगभर संध्याकाळी लालभडक व्हायच्या, ते वरच्या थरातलं गंधक होतं, तसल्या गोष्टीला ही पद्धत नामी.

पंचगंगाकाठ
वा! हे पोरांना करायला लावणारच. पण माझा धूर खाली आहे ना?

संधिकाल
हो, खालच्या काही किलोमीटरला आंधळी. स्वस्त आणि सुंदर, पण तुमच्या कामाची नाही. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

दख्खनराणी
कुणी मॅक्स-डोआस सुचवलं नाही अजून. आकाशाकडे वेगवेगळ्या कोनांत बघून ऑक्सिजनच्या जोडीचं शोषण मोजतात, त्यावरून एरोसोलची ढोबळ उभी मांडणी निघते आणि नायट्रोजन डायऑक्साइड सोबत मिळतो. खालच्या एक-दोन किलोमीटरला चांगलं. पण तेही दिवसाच, आणि उत्तर काढायला इन्व्हर्शनचं, म्हणजे सिग्नलवरून उलट मांडणी शोधायचं, गणित बसवावं लागतं, एकट्या शिक्षकानं त्यात पडू नये.

सौरकोन
आणि सर, एक मोह आधीच मोडतो. एरोनेटच्या पेपरात धूर किती काळा, म्हणजे शोषण किती, ते बघून तुम्हालाही ते हवंसं वाटेल. त्याला ४४० नॅनोमीटरला एओडी किमान ०.४ आणि सूर्य शिरोबिंदूपासून ५० अंशांहून जास्त खाली झुकलेला लागतो, तरच तो आकडा अंतिम दर्जाचा धरतात. तुमच्याकडे असे दिवस मोजकेच भरतील. काळेपणा हवा असेल तर एथॅलोमीटर लावा, हवा ओढून मोजतं, मान्य, पण "मला वरच बघायचंय" हा हट्ट तिथे सोडा.

धावपट्टी२७
हे पटलं. लोक आधी यंत्र ठरवतात आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधतात.

पंचगंगाकाठ
आठवडाभर गप्प होतो, आता सांगतो काय झालं.

खडूफळा मॅडमचा किस्सा वाचून घाबरत घाबरतच एका मित्राच्या संस्थेतला हातातला सनफोटोमीटर चार दिवस मागून आणला (घड्याळ तीनदा तपासलं). सकाळी साडेआठच्या आधी धुरातून सूर्यच धड सापडेना, आणि साडेदहानंतर थर उठून मोडलेला. मधल्या दोन तासांत आकडे छान आले, पण माझा खरा प्रश्न त्या दोन तासांच्या बाहेरच आहे. म्हणजे सौरकोन पहिल्याच उत्तरात बोलले होते ते मला स्वतः उन्हात उभं राहिल्यावर कळलं.

निशाचर, एक विचारायचंय. सीलोमीटर दिवसरात्र चालवलं आणि सकाळच्या त्या दोन तासांतल्या एओडीनं त्याचा लिडार रेशो जुळवून घेतला, तर चालेल का?

निशाचर_लायपझिग
सर, मोठ्या लिडारवालेही हेच करतात. लिडार चित्र काढतं आणि सनफोटोमीटर त्यावर पट्टी ठेवतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा. एओडी तुमच्या सीलोमीटरच्या रंगापर्यंत घातांकानं ओढून न्यायचा. आंधळ्या भागातला धूर बेरजेत धरायचा, नाहीतर रेशो वेडावाकडा येतो. आणि सकाळचा रेशो रात्री तसाच वापरताना भीत भीत वापरायचा, कारण रात्री हवा दमट आणि कण फुगलेले.

धावपट्टी२७
एकच जोडतो. विकत घेताना कच्चा सिग्नल फाइलमध्ये मिळतो का ते लेखी घ्या. काही यंत्रं नुसता ढगाचा तळ देतात, बाकी पोटात ठेवतात.

पंचगंगाकाठ
मग ठरलं. सनफोटोमीटर विकत, आमच्या पैशात तेवढंच बसतं. सीलोमीटरसाठी दोन ठिकाणी बोलणं चालू आहे, एका हंगामापुरतं उसनं. जागा मात्र कॉलेजच्या गच्चीवर नको, तिथे कँटीनचा धूर जास्त. शिवारात पाहिजे.

शिरोळचा_पैलवान
आमच्या मळ्यात लावा सर. आजूबाजूला कोण पेटवणार असंल तर आदल्या दिशी फोन करतो. फक्त लाईट रात्रीची असत्या, दिवसाची पाळी आठवड्यानं बदलत्या.

पंचगंगाकाठ
बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन येतो. जेवण तुमच्याकडे.

आंबटचुका
आणि नाक मी घेऊन येतो.